लायसन्स आलं, आता गाडी शिकायची

आरटीओच्या ट्रॅकवर कार आठाच्या आकड्यात फिरवली, चढावर थांबवून मागे न घसरता काढली आणि एच आकारात रिव्हर्स घेतली की पक्कं लायसन्स मिळतं. हे सगळं दहा-पंधराच्या वेगात होतं. ट्रॅकवर वळणाआडून उसाची ट्रॉली निघत नाही, पुढची रिक्षा हात दाखवलेल्या प्रवाशासाठी जागच्या जागी थांबत नाही आणि मागच्या सीटवर बसून कुणी गाणं बदलायला सांगत नाही. गाडी हातात बसली आहे का, एवढंच ती परीक्षा बघते. रस्ता वाचता येतो का, हे कुणीच तपासत नाही. ते स्वतःच शिकावं लागतं, आणि शिकायचा क्रम चुकला तर महागात पडतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार त्यांतली जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती.

पुढची माहिती अठरा-वीस वर्षांच्या नव्या चालकासाठी आहे, आणि त्याच्या डावीकडे जीव मुठीत धरून बसणाऱ्या घरच्यांसाठीही.

आधी कागद, थोडक्यात

कारसाठी वय १८ पूर्ण हवं. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं असतं. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असल्यामुळे त्या लायसन्सवर त्या चालत नाहीत. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'गल्लीतल्या गल्लीत' ही सवलत कायद्यात नाही.

लर्निंग लायसन्ससाठी परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. आधार जोडलेलं असेल तर परीक्षा घरूनही देता येते. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. घरून परीक्षा देताना शेजारी बसून दादा किंवा ताई उत्तरं सांगते, हे सर्रास चालतं. पण त्यातल्या चिन्हांचा अर्थ पुढे रस्त्यावर विचारला जातो आणि तिथे शेजारी कुणी नसतं. निदान चिन्हांचा भाग तरी स्वतः वाचून काढा.

लर्निंगची मुदत सहा महिने असते. पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. बहुतेक जण ३१ व्या दिवसाची तारीख शोधतात, आणि पहिली चूक इथेच होते. सहा महिन्यांचा हा काळ कायद्यानेच सरावासाठी दिला आहे. शेजारी लायसन्सवाला माणूस असणं या काळात बंधनकारक असतं, आणि हीच त्याची खरी किंमत आहे. टेस्ट चौथ्या-पाचव्या महिन्यात द्या. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. मुदत संपायच्या आठवड्यात मात्र जाऊ नका.

लर्निंगवर चालवताना गाडीच्या पुढे आणि मागे १८ सेंटिमीटर चौकोनी पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा. कागदाचा चिटोरा आतून काचेला चिकटवला तर मागच्याला तो दिसत नाही. पाटीची लाज वाटून घेऊ नका. ती दिसली की निदान काही जण तरी अंतर ठेवतात.

क्लास निवडताना विचारायचे प्रश्न

मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी नियमात किमान २१ दिवसांचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास सांगितले आहेत. प्रत्यक्षात काय होतं? अर्ध्या तासाची वेळ ठरते, गाडीत तीन विद्यार्थी असतात, पहिली दहा मिनिटं आधीच्याला घरी सोडण्यात जातात आणि तुमच्या वाट्याला रोज पाच किलोमीटर येतात. म्हणून फी विचारण्याआधी एवढं विचारा: स्टिअरिंगवर माझे एकूण तास किती? गाडीत एका वेळी किती जण? रिव्हर्स आणि पार्किंगसाठी वेगळे दिवस आहेत का? एकदा तरी हायवेला आणि एकदा अंधार पडल्यावर नेणार का? शेवटच्या दोन प्रश्नांवर सर हसले तर दुसरा क्लास बघा.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र जवळ असेल तर ते अधिक चांगलं. तिथे हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम असतो: ८ तास वर्गात, २१ तास गाडीत. तिथली परीक्षा उत्तीर्ण झालात तर आरटीओची टेस्ट वेगळी द्यावी लागत नाही.

क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखाली क्लच आणि ब्रेक असतात, हे विसरू नका. चढावर गाडी सुरळीत निघाली, सिग्नलला हळुवार थांबली, यातलं तुमचं किती आणि सरांच्या पायाचं किती, हे तुम्हाला कळत नाही. आठव्या-नवव्या दिवशी सरळ सांगा, "सर, आज पाय वर घ्या, बंद पडली तर पडू दे." त्या दिवशी गाडी सहा वेळा बंद पडली तर समजायचं की आदल्या आठवडाभर सरच चालवत होते.

बसायची पद्धत

गाडी चालू करण्याआधी दोन मिनिटं यासाठी द्या. क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हाही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या. पाठ टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. छाती आणि स्टिअरिंग यांत साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅगला उघडायला जागा लागते. नवे चालक बोनेट दिसावं म्हणून स्टिअरिंगला चिकटून बसतात. बोनेट दिसायची गरज नसते. दिसत नाही असं वाटलं तर सीट वर उचला, पुढे सरकवू नका. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या उंचीला आणा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा.

बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीची बाजू जेमतेम दिसेल इतकाच कोन ठेवा. अर्धा आरसा स्वतःच्याच दारांनी भरला तर बाजूची मोटरसायकल दिसणार कुठे? आणि कितीही नीट लावला तरी एक पट्टा आरशाबाहेर राहतोच. लेन बदलण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकायचीच.

चप्पल घालून चालवू नका, ती पेडलच्या कडेत अडकते. पाण्याची बाटली पायाशी ठेवू नका. ब्रेकखाली घरंगळलेली बाटली ब्रेक तळाशी जाऊ देत नाही. पायपुसणंही एकावर एक दोन टाकू नका.

क्लच: घाई इथे करायची नाही

मोकळं मैदान, सपाट जमीन, गाडी पहिल्या गिअरमध्ये. ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. टाच जमिनीवर टेकवून क्लच पाच-सहा सेकंद घेत सोडत आणा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उचलतं. तिथे पाय थांबवा. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने निघते. मग पूर्ण सोडा, चार-पाच गाड्यांइतकं अंतर जा, क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. हे तीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण पायाला ती जागा एकदा सापडली की पुढचे सगळे चढ सोपे होतात.

गाडी बंद पडते ती बहुधा क्लचचा शेवटचा अर्धा भाग झटक्यात सोडल्यामुळे. त्यावर उपाय म्हणून लोक भरपूर रेस देतात. मग बंद पडत नाही, पण क्लच प्लेट घासते आणि थोड्या वेळाने करपल्याचा वास येतो. वास आला की गाडी दहा मिनिटं उभी करून थंड होऊ द्या. चालवताना डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवायची सवयही वाईट. त्या जरा दाबाने प्लेट आणि बेअरिंग दोन्ही लवकर झिजतात. गिअर बदलून झाला की पाय बाजूला.

चढावर: हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या (लहान पेट्रोल इंजिनला साधारण १,५०० आरपीएम), नाक उचलेपर्यंत क्लच आणा आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी जागची हलली नाही तर बरोबर. मागे सरकली तर क्लच अजून वर आला नव्हता. हाफ क्लचवर चढावर लटकत सिग्नल सुटायची वाट बघणं ही शान नाही, गॅरेजचं बिल आहे.

ब्रेकबद्दल एक गोष्ट क्लासमध्ये अर्धीच सांगतात. "क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक" असं घोकून घेतात, आणि वीसच्या खालच्या वेगात ते ठीकही आहे, नाहीतर गाडी बंद पडेल. पण तीच सवय साठ-सत्तरच्या वेगात घात करते. क्लच आधी दाबला की इंजिनची ओढ सुटते आणि गाडी उलट मोकळी धावते. वेगात असताना आधी फक्त ब्रेक, आणि गाडी थांबायला आली, इंजिन थरथरू लागलं की मग क्लच.

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत एकदा मैदानावर, मागेपुढे कुणी नसताना, चाळीसच्या वेगाने येऊन ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून बघा. पायाखाली पेडल थडथडतं आणि खडखड आवाज येतो. ज्याने हे आधी अनुभवलेलं नसतं तो नेमक्या वेळी काहीतरी मोडलं समजून पाय उचलतो. ती थडथड म्हणजे यंत्रणा काम करते आहे. पाय दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग हवं तिकडे वळवायचं.

ऑटोमॅटिक गाडीवर शिकणाऱ्यांना क्लचची कटकट नाही, पण तिथे डावा पाय पूर्ण रजेवर पाठवायचा. दोन पायांनी दोन पेडल दाबायला गेलात की घाबरल्यावर दोन्ही एकदम दाबले जातात. पार्किंगमध्ये भिंतीत घुसणाऱ्या गाड्यांचं कारण बहुतेक वेळा ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणं हेच असतं. टाच ब्रेकसमोर टेकवून फक्त चवडा उजवीकडे वळवायचा.

पन्नास तासांचा सराव

क्लासचे दहा तास ही सुरुवात असते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २५ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तासांचा सराव वहीत नोंदवून दाखवावा लागतो, त्यातले २० तास रात्रीचे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. तरी लर्निंगच्या सहा महिन्यांत घरच्या गाडीवर निदान ४०-५० तास, म्हणजे हजारेक किलोमीटर करा. तारीख, तास, कुठे चालवली आणि कुठे चुकलं, एवढं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. घरच्या गाडीला शेजारी पेडल नसतात, म्हणून सुरुवात मैदानापासूनच.

पहिले चार-पाच तास मैदान. मग रविवारी सकाळी साडेसहाला वसाहतीतले रस्ते: गिअर चढवणं-उतरवणं, स्पीडब्रेकर, डावी-उजवी वळणं. हे अंगवळणी पडल्याशिवाय बाजारात जायचं नाही. त्यानंतर कामाच्या दिवशी दुपारची शहरी वाहतूक, जिथे वेग कमी पण थांबे फार असतात. मग संध्याकाळची गर्दी, मग अंधार, मग चौपदरी रस्ता, आणि सगळ्यात शेवटी घाट. पायरी गाळू नका. गावाला जायचं निघालं म्हणून दहाव्या दिवशी पोराला थेट हायवेला बसवतात, आणि तिथे त्याला पाचवा गिअर तेवढा येतो, ब्रेकचा अंदाज येत नाही.

शेजारी बसणाऱ्या बाबांनी, मामांनी किंवा ताईने तीन पथ्यं पाळावीत. सूचना शंभर मीटर आधी द्यायची, आणि आधी जागा, मग कृती: "पुढच्या चौकात, डावीकडे." हात हँडब्रेकजवळ ठेवायचा. चूक झाली की तिथल्या तिथे व्याख्यान नको. गाडी बाजूला थांबवून दोन वाक्यांत सांगायचं. "अरे बघ ना!" ही सूचना नव्हे. काय बघायचं ते सांगा. आतल्या काचेवर चिकटणारा एक जादा आरसा मिळतो. तो लावला तर शेजारच्याला मागचं दिसतं आणि अर्धी आरडाओरड आपोआप कमी होते.

डोळे कुठे असावेत

नवा चालक पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघत चालवतो. नजर १२ ते १५ सेकंद पुढे हवी. साठच्या वेगात ती २०० ते २५० मीटर होते. दर आठ-दहा सेकंदांनी आतला आरसा.

याचा सर्वात चांगला सराव म्हणजे बोलत चालवणं. पंधरा मिनिटं, जे दिसतं आणि त्यातून जे होऊ शकतं ते मोठ्याने बोलायचं. "डावीकडे एसटी उभी आहे, तिच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडेल, पाय ब्रेकवर." "उभ्या कारचं उजवं चाक वळलेलं आहे, ती निघणार." "चेंडू आला, मागून पोरगं येईल." "रिक्षात मागे कुणी नाही, म्हणजे ती कुठेही थांबेल." बोलता बोलता अडखळलात तर त्या क्षणी तुम्ही बघत नव्हता. सुरुवातीला हसू येतं. आठवड्याभरात, न बोलताही डोक्यात हेच चालू राहतं.

ट्रकच्या किंवा एसटीच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तिथे रेंगाळू नका: मागे राहा किंवा झटकन पुढे जा. वळणाऱ्या लांब गाडीच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नका. तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा बरीच आतून येतात.

चौकात उजवीकडे वळायला थांबला असाल तर चाकं सरळ ठेवा. आधीच वळवून ठेवलीत आणि मागून कुणी धडकलं, तर तुम्ही थेट समोरून येणाऱ्या गाड्यांत ढकलले जाता. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला वाट द्यायची. आणि थांबल्यावर चालकाचं दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

अंतराचं गणित

एखादी गोष्ट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात साठच्या वेगातली गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने थांबायला आणखी सुमारे २० मीटर, एकूण ४५. ऐंशीला हेच जवळपास ७० मीटर होतं आणि शंभरला ९५ च्या पुढे. वेग साठवरून शंभरला गेला, दुपटीलाही पोचला नाही, पण अंतर दुपटीहून वाढलं. कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ओल्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला जवळपास तेच अंतर लागतं जे कोरड्यावर शंभरला लागतं.

हे मीटर रस्त्यावर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजा. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. तीन म्हणून होण्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाच-सहापर्यंत मोजा. "एवढी जागा सोडली की मधे दुसरा घुसतो," ही तक्रार खरी आहे. घुसू द्या, पुन्हा मागे व्हा. तासाभराच्या प्रवासात असे दहा जण घुसले तरी तुमची जेमतेम मिनिटभराची खोटी होते.

दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेकचा अंदाज सर्वाधिक चुकतो. ट्रक पन्नासने चालला आहे आणि तुम्ही साठने त्याला मागे टाकायला निघालात असं समजा. त्याच्या मागचं अंतर, त्याची लांबी आणि पुढे सुरक्षित शिरायची जागा धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा ५५ मीटर जास्त जायचं आहे. ताशी दहाच्या फरकाने त्याला २० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही ३३० मीटर जाता, आणि समोरचा साठने येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. म्हणजे समोर साडेसहाशे मीटरहून अधिक मोकळा रस्ता दिसायला हवा. तो आपल्याकडच्या वळणाच्या रस्त्यावर क्वचितच दिसतो. म्हणून ओव्हरटेकआधी ट्रकपासून मागे राहायचं, नीट दिसलं की एक गिअर खाली टाकायचा आणि वेगातला फरक वाढवून पटकन निघायचं. फरक वीसचा केलात तर वेळ निम्म्यावर येतो. पूल, चढाचा माथा, वळण आणि चौक यांच्याजवळ प्रयत्नच करायचा नाही. आणि पुढच्या गाडीच्या मागोमाग शेपटी धरून ओव्हरटेक करायचा नाही. त्याला जागा पुरली म्हणजे तुम्हाला पुरेल असं नाही.

घाट

ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनने गाडी ओढून धरली की ब्रेकचं काम थोडंच उरतं. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापतात, जळकट वास येतो, आणि मग पेडल दाबूनही गाडी म्हणावी तशी थांबत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून वीस मिनिटं थांबा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका.

डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणं म्हणजे ही ओढ हाताने तोडणं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे जे मोठे अपघात झाले, त्यांच्या चर्चेत हे न्यूट्रल वारंवार आलं आहे. आणि बचत तरी कुठे होते? आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वरंधा किंवा आंबोलीसारख्या वळणांवर आपली बाजू सोडू नका. वळणाआधी हॉर्न, रात्री वळणाआधी एकदा डिपर मारा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

पाऊस आणि रात्र

मोसमातला पहिला पाऊस सर्वांत घसरडा, कारण महिनोन्महिने साठलेलं तेल आणि धूळ वर येते. पाणी साचलेल्या पट्ट्यावर वेगात गेलात तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर बदला. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा, पंपवाल्याच्या अंदाजाने नको, आणि टायर थंड असताना.

काचेला आतून वाफ धरली तर हातरुमालाने पुसत बसू नका. एसी चालू करून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण लावा. पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाण्याची फॅशन सोडा. मग तुम्ही वळणार आहात हे कळणार कसं?

पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. फूटभर वाहतं पाणीही लहान कारला बाजूला सरकवू शकतं. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात आणि हजारांतलं काम लाखात जातं. गाडी ढकलून बाहेर काढा.

रात्री लो बीमवर साधारण ४०-५० मीटर दिसतं. वर बघितलंच की साठला थांबायला ४५ लागतात. म्हणजे दिव्यांशिवायच्या रस्त्यावर साठच्या पुढे तुम्ही आंधळे चालवता. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे चालतात, आणि उसाचा रंग अंधारात मिसळून जातो. रस्त्यावर उसाची चिपाडं दिसू लागली की वेग उतरवा. पुढे ट्रॉली आहे. समोरच्याने अप्पर मारला तर त्याला अप्परने उत्तर देऊ नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा.

पक्कं लायसन्स आल्यावरचे पहिले सहा महिने

आता शेजारी कुणी बसणं सक्तीचं राहत नाही, म्हणून धोका इथे वाढतो. घरातच काही अटी ठरवून घ्या. पहिले तीन महिने रात्री ११ ते पहाटे ५ चालवायचं नाही. मित्र एका वेळी एकच. न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्या नव्या परवानाधारकाला याच वेळात २१ वर्षांखालचा एकच प्रवासी नेता येतो, हा नियम उगाच केलेला नाही. गाडीत चार मित्र असले की चालकाला रस्ता सोडून त्यांना काहीतरी दाखवायचं असतं. मागच्यांनीही बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नकाशा निघण्याआधी लावायचा, फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत.

पहिल्या लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी उतरा. जांभया सुरू झाल्या की खिडकी उघडून किंवा गाणी मोठी करून काही होत नाही. गाडी पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात लावून वीस मिनिटं झोपा. दारूच्या बाबतीत कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण नव्या चालकाने ती शून्य धरावी.

ठोकर बसलीच तर

इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू. धोक्याचा लाल त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवा, हायवेवर शंभरच्या पुढे. तो ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेने आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून जा. सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं, गाडीच्या मागे किंवा मधे नाही. कुणी जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

जखमीला दवाखान्यात पोचवणं ही कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. पोलिसांनाही शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं. जमावाची भीती वाटत असेल तर जवळच्या चौकीत जा, पण पळून गेलात असं दिसू देऊ नका. आधी फोन करून जागा सांगा. दुसऱ्याच्या अपघातात मदतीला थांबलात तर कलम १३४-अ तुम्हाला संरक्षण देतं.

किरकोळ घासाघास असेल तर गाड्या हलवण्याआधी चार बाजूंनी फोटो काढा: दोन्ही नंबर, रस्त्यावरच्या खुणा, आजूबाजूची एखादी ओळखीची पाटी. लायसन्स, आरसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये असला तर पोलिसांना तो चालतो, पण फोनची बॅटरी संपलेली असते ती नेमकी तेव्हाच, म्हणून झेरॉक्स ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गॅरेजवाल्याला बंपर उतरवू देऊ नका.